क्रमांक सातची पात्रनिष्ठा

३ फेब्रुवारी

सहपरीक्षक महोदयांच्या चरणी नव्हे, कर्णी सादर,

आमच्या नाट्यविद्यालयाच्या द्वितीय वर्गावर पात्रभाषणाच्या परीक्षेचे वार्षिक संकट कोसळण्याचा योग समीप आला असून, त्या संकटाचे अर्धे ओझे आपल्या कानांवर लादावे या शुद्ध हेतूने हे पत्र लिहीत आहे. आपण रजा घेऊन ताईंच्या शुश्रूषेसाठी त्या दूरच्या शहरी गेलात त्याला दोन वर्षे होत आली. तरीही विद्यालयाच्या दप्तरी द्वितीय परीक्षक म्हणून आपलेच नाव विराजमान आहे. ते बदलायचे तर प्राचार्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज करण्याची जबाबदारी माझी आहे. माझ्या आलस्याची कीर्ती आपण जाणताच.

नियम पूर्वीचेच. विद्यार्थ्याने आपल्या ओळखीचा एक जिवंत माणूस निवडावा, काही आठवडे त्याचे निरीक्षण करावे आणि तो माणूस होऊन पाच मिनिटे बोलावे. आपण कोण झालो आहोत हे सांगायचे नाही. ते बोलण्यातूनच उमगले पाहिजे. विद्यार्थ्याचे नावही कोणी घेणार नाही, वर्गप्रमुख केवळ क्रमांक पुकारेल. मी समोर बसून पाहीन, आपण तिकडे कॅसेट लावून ऐकाल, आणि एकमेकांना न विचारता दोघेही गुण देऊ. कॅसेटच्या आरंभी प्रथेप्रमाणे माझे मापाचे भाषण असेल, जेणेकरून यंदाची फूटपट्टी किती लांब आहे ते आपल्याला कळावे. गतवर्षी मी दंतवैद्य झालो होतो. मापाच्या भाषणाला गुण द्यायचे नसतात, तरी आपण साडेचार दिलेत आणि ‘या दंतवैद्याला स्वतःचा एकही दात नसावा’ असा शेरा मारलात. तो शेरा माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. विनयवृद्धीसाठी.

यंदा चिंता एकाच विद्यार्थ्याची. हा शेवटच्या बाकावर बसतो आणि त्याला सर्वजण मौनी म्हणतात. वर्षभरात त्याने वर्गात जी चार वाक्ये उच्चारली त्यांपैकी दोन ‘हो सर’ होती. बोलत नाही, परंतु पाहतो. इतके टक लावून पाहतो की शिकवताना माझी गुंडी उघडी तर नाही ना, असे मला वाटत राहते. या परीक्षेत त्याला बरे गुण मिळाले नाहीत तर तृतीय वर्गाचे द्वार त्याच्यासाठी बंद होईल, आणि नाट्यविद्यालयातून न बोलण्याबद्दल काढून टाकलेला पहिला मनुष्य म्हणून तो इतिहासात जाईल.

वहिनी आपली चौकशी करीत होत्या. त्यांचे म्हणणे असे, की दोन माणसे एका टेबलाशी इतकी वर्षे शेजारी बसतात आणि उठताना एकमेकांना फक्त गुण सांगतात, हा प्रकार त्यांनी दुसरीकडे कोठेही पाहिला नाही. मी त्यांना परीक्षापद्धतीची गोपनीयता समजावून सांगितली. त्या ‘बरं भावजी’ म्हणाल्या. त्या जेव्हा ‘बरं भावजी’ म्हणतात तेव्हा बरे काहीच नसते.

असो.

आपला आज्ञाधारक (आज्ञा सोयीची असल्यास),
प्रथम परीक्षक


१४ फेब्रुवारी

प्रिय सर,

कर्णी सादर केलेलं पत्र डोळ्यांनी वाचलं, क्षमा असावी.

ताई आता काठीशिवाय गॅलरीपर्यंत जाते. परवा तिनं स्वतः चहा केला. तो इतका वाईट झाला होता की आम्ही दोघी अगदी आनंदानं प्यायलो. आता तुझी गरज नाही हो मला, असं ती हल्ली रोज म्हणते, आणि म्हणताना माझं मनगट सोडत नाही.

एक बातमी आहे. इथल्या रेडिओ केंद्रावर मी आठवड्यातून दोनदा बातम्या वाचणाऱ्यांचे उच्चार तपासायला जाते, ते तुम्हाला लिहिलं होतं. त्यांनी मला कायमची जागा देऊ केली आहे. स्वतःची खोली, हाताखाली दोन माणसं, निवृत्तीपर्यंत निश्चिंती. पंधरा एप्रिलपर्यंत सही करून द्यायची. विद्यालयातली माझी रजाही त्याच दिवशी संपते, म्हणजे इकडे सही केली की तिकडे परत येण्याचा प्रश्नच मिटला. केंद्रातली खोली चांगली आहे. भिंतींना जाड कापड लावलेलं असल्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मला ते फार आवडलं. हल्ली तिथं बसलं की स्वतःचाच श्वास ऐकू येतो, आणि तो मी तपासू लागते.

ताई म्हणते, एवढा विचार कसला करतेस, सही करून टाक. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. मला तुमचं मत हवं आहे. विनोद वेगळ्या कागदावर चालेल.

आणि एक. परीक्षेच्या टेबलाशी तुमच्या उजवीकडे माझी खुर्ची असायची, एक पाय आखूड असलेली. ती आहे का अजून? सहज विचारलं.

मौनीची काळजी करू नका. जो इतकं बघतो त्याच्याजवळ केव्हातरी बोलण्यासारखं साठतं.

तुमची,
कानांपुरती उरलेली सहपरीक्षक


२४ फेब्रुवारी

श्रवणविद्याविभूषित भावी केंद्राधिकारी यांसी,

आपल्या उत्कर्षाची वार्ता वाचून आमच्या विद्यालयाच्या चारही भिंतींना आनंदाचे भरते आले. दोन ठिकाणी तर पोपडेच निघाले. आपण माझे मत विचारलेत. मत असे, की ज्या कानांनी आमच्यासारख्यांचे उच्चार निमूटपणे सोसले त्यांना जाड कापडाच्या भिंतींची विश्रांती मिळणे हा निसर्गाचा न्याय आहे. पद सन्मानाचे, प्रकृतीला जपणारे आणि ताईंच्या निकट. प्रत्येक दृष्टीने विचार करता सही करणे उचित. मी प्रत्येक दृष्टीने विचार केला. एकही दृष्टी सोडली नाही.

विनोद वेगळ्या कागदावर लिहिण्याची आज्ञा होती. तसा कागद घेतला, परंतु तो कोराच राहिला. तोही सोबत जोडीत आहे.

खुर्चीविषयी लिहायचे तर ती आहे. तिच्यावर सांप्रत नाटकांचे जुने कपडे, दोन टोप्या व एक पुठ्ठ्याची तलवार रचून ठेवलेली असते. कोणीही येते, कोणीही ढकलते. आखूड पायाखाली आपण पुठ्ठ्याची घडी घालीत असा, तीही केव्हाच गहाळ झाली. काळ कोणासाठी थांबतो, हे खुर्चीनेही जाणले पाहिजे.

वहिनींना आपली वार्ता सांगितली तेव्हा त्या भाजी निवडीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, “मग भावजी, तुम्ही काय लिहिणार?” अभिनंदन, मी म्हणालो. “छान,” त्या म्हणाल्या, “अक्षर चांगलं आहे तुमचं.” या वाक्याचा अन्वयार्थ मी अद्याप शोधीत आहे.

परीक्षा येत्या सोमवारी. घसा किंचित बसला आहे, तथापि मापाचे भाषण सकाळीच ध्वनिमुद्रित करण्याचा संकल्प आहे. यंदा मी निवृत्त जहाजकप्तान होणार असून, समुद्र कधी पाहिलेला नसल्याने भूमिकेला मोठा वाव आहे. कॅसेट कचेरीतील शीघ्रगतींच्या हाती सोपवीन. हे नाव त्यांना उपरोधाने पडले आहे, त्यामुळे पार्सल जूनपर्यंत मिळाल्यास धन्यता मानावी.

असो. पुनश्च अभिनंदन.

आपला,
प्रथम (आणि आता बहुधा एकमेव) परीक्षक


१२ मार्च

प्रिय सर,

तुमचे शीघ्रगती नावाला जागले. कॅसेट चौथ्या दिवशी माझ्या हातात होती. सोबत तुमची एक ओळही नव्हती, याचं आधी नवल वाटलं. आता वाटत नाही.

गुणपत्रक जोडलं आहे. थोडक्यात सांगते. बस कंडक्टर झालेली मुलगी उत्तम. तिनं ‘पुढे सरका’ म्हटल्यावर मी खरोखरच सोफ्यावर सरकले. आजोबा झालेल्या मुलाचा खोकला आजोबांचा होता, पण आजोबा पंचविशीतले होते. एकानं न्हावी केला आणि कात्रीचा आवाज इतका हुबेहूब काढला की बोलायचं विसरला. कानांचे सगळे गुण मी दिले. हातवाऱ्यांचे तुम्ही द्या. एका क्रमांकाचं भाषण मात्र मला कॅसेटवर सापडलं नाही. सात. मौनीचाच असावा हा क्रमांक. तो बोललाच नाही की काय?

आता तुमच्या मापाच्या भाषणाबद्दल.

जहाजाचा कप्तान येणार म्हणून मी पाय वर घेऊन, चहाचा कप हातात घेऊन बसले होते. टेपची सुरुवातीची पट्टी कोरी सरकली, अर्धामुर्धा काहीतरी आवाज झाला, आणि एकदम तुम्ही बोलायला लागलात. घसा बसलेला. दर तिसऱ्या शब्दाआधी तो श्वास, जो तुम्ही खरं टाळताना घेता. तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे.

“बाई, आज सगळे ठीक बोलले. तुम्ही असतात तर अजून दोघं रडली असती, पण ठीक.” मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. “हा पाय पुन्हा डुगडुगतोय. मी घडी घालून ठेवतो, झाडणारे काढून टाकतात. मी परत घालतो. उद्या तुम्ही आलात आणि खुर्ची हलली तर म्हणाल, एवढंही लक्ष नाही यांचं.” मग पुन्हा तोच श्वास. “मी पत्रात सगळं लिहितो तुम्हाला. म्हणजे तेवढं एक सोडून सगळं. तुम्ही हसता का हो वाचून? इथपर्यंत आवाज येत नाही.” आणि शेवटी आणखी काहीतरी येणार, येणार असं वाटत असताना तुम्ही म्हणता, “असो.”

माझा चहा गार झाला.

सर, त्या खुर्चीवर टोप्या आणि तलवार असते असं तुम्ही लिहिलं होतंत. मग ती सरकवताना काही पडल्याचा, घसरल्याचा आवाज कसा आला नाही? मी तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा ऐकला. ती खुर्ची रिकामी आहे. पाय जमिनीला टेकताना आधी पुठ्ठ्यावर टेकतो.

शेजारच्या खोलीतून ताईनं विचारलं, हा माणूस कोण आहे? मी म्हटलं, आमचे सर. ती म्हणाली, मग त्यांना उत्तर दे की, कधीपासून बोलतायत बिचारे.

तुम्ही हे पत्रात लिहिलं असतंत तरी चाललं असतं. वर्गासाठीच्या कॅसेटवर कशाला? पण तुमचा स्वभाव. कोणीतरी दुसरं झाल्याशिवाय तुम्हाला बोलता येत नाही, आणि या वेळी दुसरं कोणी व्हायला सुचलं नसेल.

मी सही केलेली नाही. एवढंच सांगा, तो अभिनय होता का?

तुमची,
सहपरीक्षक


२२ मार्च

आदरणीय सहपरीक्षक यांस,

आपल्या प्रश्नाचे उत्तर: होय, तो अभिनय होता. परंतु तो माझा नव्हता.

परीक्षेच्या प्रातःकाली माझा घसा पूर्णतः निकामी झाला. कप्तान बुडाला. मापाचे भाषण झालेच नाही. मी खुणा करून परीक्षा घेतली, सायंकाळी ज्वराने अंथरूण धरले, आणि शीघ्रगतींनी आयुष्यात प्रथमच तत्परता दाखवून त्याच दिवशी कॅसेट रवाना केली. चिठ्ठ्या काढून क्रम ठरवला होता आणि पहिली चिठ्ठी सातची निघाली. वर्गप्रमुखाने ‘क्रमांक सात’ असे पुकारले ते टेपच्या कोऱ्या पट्टीवर गेले. आपण जे ऐकलेत तो मी नव्हे. तो मौनी होय.

आपल्या कानांना हे कळवताना मला संकोच होतो. त्या कानांनी आजवर मला एकदाही माफ केलेले नाही, आणि ते प्रथमच चुकावेत तेही अशा ठिकाणी.

घडले ते असे. त्याने एक जिवंत माणूस निवडायचा होता. त्याने मला निवडले. नियमात त्याला मनाई नाही, कारण नियम करताना मला असा धोका दिसला नव्हता. तो सरळ परीक्षकांच्या टेबलापाशी आला आणि त्याने उजवीकडच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मी आपल्याला टोप्यांविषयी लिहिले होते ते वस्तुस्थितीस धरून नव्हते. त्या खुर्चीला कोणी हात लावीत नाही, आणि लावल्यास माझा चेहरा कसा होतो हे म्हणे सर्वांना ज्ञात आहे. घसा चालत नसल्याने मी त्याला थांबवू शकलो नाही. पाच मिनिटे मी स्वतःसमोर मुक्याने बसून होतो.

मी त्याला पात्रनिष्ठेत (आपल्या भाषेत, ‘माणूस खरा वाटतो का’ या सदरात) दहापैकी चार गुण दिले आहेत. शेरा: ‘निरीक्षणापेक्षा कल्पना अधिक. पात्राच्या अंतःकरणात जे नाही ते घातले आहे.’ आपण सात क्रमांकाला गुण दिले नसल्याने ते रकाने कृपया भरून पाठवावेत. आपल्या स्मरणार्थ: दोन परीक्षकांच्या गुणांत तीनहून अधिक अंतर पडल्यास लेखी एकमत आवश्यक असते, आणि एकमत न झाल्यास प्रथम परीक्षकाचे गुण ग्राह्य धरतात. चार कायम राहिल्यास तो तृतीय वर्गात जाणार नाही. मला त्याचे वाईट वाटते. परंतु असत्याला मी गुण कसे द्यावेत?

बरा झाल्यावर मी त्याला बोलावून विचारले की हे सर्व आणले कोठून. त्याने तर आपल्याला पाहिलेलेही नाही. आपण गेल्यानंतरच्या वर्षी तो दाखल झाला. तो खाली बघून म्हणाला, “सर, मधल्या सुट्टीत तुम्ही पत्र लिहिता, आणि शेवटाशी पेन थांबतं. कोणाचंही भाषण संपलं की तुम्ही उजवीकडे बघता. भुवया वर करता. मग खाकरता, आणि आमच्याकडे बघता.” मी म्हणालो, ती सवय आहे, मानेचा दोष असेल. तो म्हणाला, “हो सर.” मग जाता जाता दारात थांबून म्हणाला, “बाईंना मी पाहिलेलं नाही. पण तुम्ही त्यांच्यासाठी जेवढी जागा सोडता, त्यावरून अंदाज येतो.”

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सावध होतो. एका मुलीचे वाचन संपले, आणि मी समोर पाहण्याचा दृढ निश्चय केलेला असताना मला खिडकी दिसू लागली. खिडकी माझ्या उजवीकडे आहे.

वहिनींना यातले काही सांगितलेले नाही. आपले पत्र वाचीत असताना त्या औषध घेऊन आल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ताप नाहीये हा, भावजी.” औषध परत घेऊन गेल्या.

मानेच्या दोषावरून कोणी आपल्या आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. आपले मत विचाराल तर ते फेब्रुवारीत कळवले आहे. सही करावी.

असो.

आपला,
प्रथम परीक्षक


३१ मार्च

सर,

क्रमांक सातचे माझे गुण: उच्चार नऊ, श्वास दहा, पात्रनिष्ठा दहा. अंतर तीनहून अधिक आहे, तेव्हा लेखी एकमताचा प्रयत्न करते.

तुमचं पत्र वाचल्यावर पहिला अर्धा तास मला लाज वाटली. इतक्या वर्षांचे कान आणि एका विद्यार्थ्याला सर समजले. मग मी कॅसेट पुन्हा लावली. या वेळी मला माहीत होतं की तो मौनी आहे. आवाज जरा तरुण आहे, शब्दांचे शेवट तो तुमच्यासारखे गिळत नाही. हे सगळं मला पहिल्या खेपेलाच ऐकू यायला हवं होतं. कान चुकले नव्हते, सर. कान घाईत होते. दोन वर्षं ते कशाची तरी वाट बघत होते, आणि ते आलंसं वाटल्यावर त्यांनी दार उघडण्याआधी कोण आहे हे विचारलं नाही.

तो मौनी आहे हे कळल्यानंतरही मी ती कॅसेट रोज लावते. आता कारण विचारू नका. मीही मानेचा दोष सांगेन.

ताईनं सांगितलेली एक गोष्ट लिहिते. रेडिओवर कोणी बातम्या वाचताना चुकलं की मी डावीकडे वळून हळूच काहीतरी बोलते. ताई उजवीकडे बसते. पहिले काही महिने तिला वाटायचं मला भास होतात. नंतर तिनं त्या बाजूची उशी काढून तिथं जागा मोकळी ठेवली. मला हे मागच्या आठवड्यात कळलं.

आता मुद्दा. तुम्ही लिहिलंत, असत्याला गुण कसे द्यावेत. बरोबर आहे. मौनीनं रंगवलेला माणूस खोटा असेल तर चार गुण ठीक आहेत, मी माझे दहा मागे घेते. तो घरी जाईल, आणि पंधरा तारखेला मी केंद्राच्या कागदावर सही करीन. तुमच्याबद्दल मनात काहीही न ठेवता करीन. पण तो माणूस खरा असेल, तर फक्त मला वाचवण्यासाठी किंवा स्वतःला वाचवण्यासाठी एका चांगल्या नटाला बाहेर काढू नका. ते तुम्हाला शोभत नाही. तुम्ही कितीही नाटकी असलात तरी परीक्षक म्हणून कधी खोटं वागला नाहीत. माझं तुमच्याशी जे काही जुळलं ते त्या टेबलाशी, तुम्ही लोकांना गुण देताना बघून जुळलं.

मी दुसरं काही विचारत नाही. क्रमांक सातचे गुण कळवा.

तुमचा कोरा कागद माझ्याकडे होता. हे पत्र त्याच्यावरच लिहिलं आहे.


७ एप्रिल

बाई,

वरती सहा ओळींचा मायना लिहिला होता. चांगला होता. फाडला.

हे पत्र शीघ्रगतींच्या हाती दिलेलं नाही. स्वतः टपाल कचेरीत जाऊन, तातडीचं म्हणून, खिडकीतल्या माणसासमोर उभा राहून टाकणार आहे. दाराशी वहिनींनी विचारलं, कुठे निघालात. मी सांगितलं. त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, जणू पाकिटातून मीच जाणार आहे.

मौनीला सांगितलं की तो तिसऱ्या वर्गात गेला. तो ‘बरं सर’ म्हणाला आणि गेला, आणि थोड्या वेळानं परत येऊन म्हणाला की खुर्चीला हात लावायला नको होता. मी म्हटलं, बरं केलंस. एवढं बोलून आम्ही दोघेही दमलो.

ताईंना एकट्या ठेवायचं नाही. आमच्या घरातली खालची खोली रिकामी आहे, जिना चढावा लागत नाही. वहिनी म्हणतात, त्यांच्या चहाचं बघता येईल. उशी कोणत्या बाजूची काढायची तेवढं ताईंनी येऊन सांगावं.

काल वर्ग सुटल्यावर सुताराला बोलावून त्या आखूड पायाला लाकडाचा तुकडा बसवून घेतला. आता पुठ्ठा नको. नीट बसला की नाही बघायला मी स्वतः त्या खुर्चीवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिथून माझी खुर्ची अगदी जवळ दिसते. मला नेहमी वाटायचं की मधे बरंच अंतर आहे.

क्रमांक सात. पात्रनिष्ठा: दहापैकी नऊ. चारवर रेघ मारून शेजारी सही केली आहे. तुमचे दहा, माझे नऊ. अंतर तीनच्या आत आहे, म्हणजे कचेरीला कारण कळवायची गरज नाही. पण तुम्हाला सांगायला हवं. एक गुण कापला तो शेवटासाठी. त्याचे सर सगळं बोलतात, अगदी ओठांशी येतात, आणि मग तो एक शब्द म्हणून गप्प होतात. आजवर मीही तेच केलं, तेव्हा त्यानं पाहिलं ते बरोबरच पाहिलं. पण तो माणूस तिथंच थांबेल असं त्यानं ठरवून टाकलं. तेवढं त्याचं चुकलं.

या.